घरात धडकायची मुभा : इलेक्ट्रिक व्हीलचेअर शिकायला व्हीआर कोणी वापरलंय का?

निंबोणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा लेक पंधरा वर्षांचा आहे. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमकुवत होत जाणारा आजार. दहाव्या वर्षी चालणं थांबलं. तेव्हापासून साध्या व्हीलचेअरवर, म्हणजे तो बसणार आणि आम्ही ढकलणार. मागच्या दिवाळीत इलेक्ट्रिक व्हीलचेअर घेतली, सेकंडहँड पण चांगल्या अवस्थेतली. विकणारा माणूस घरी घेऊन आला. जॉयस्टिक पुढे केली की पुढे, मागे केली की मागे, एवढं सांगून दहा मिनिटांत गेला. शिकवणं म्हणून जे झालं ते इतकंच.

आम्ही परळला राहतो, पुनर्विकासातली इमारत, सातवा मजला. पहिल्या दिवशी लेकाने शेजारच्यांचा चपलांचा स्टँड पाडला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या चौकटीत उजवा पाय अडकला आणि अंगठ्याचं नख निघालं. रक्त बघून त्याच्यापेक्षा त्याचे बाबा जास्त घाबरले. खुर्चीच शंभर किलोच्या पुढे, वर हा. ती चौकटीवर गेल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मग बाबांनी वेग सगळ्यात कमी करून ठेवला. मग "मी घरी असतानाच चालव" झालं. मग "रविवारी चालव". शेवटी खुर्ची हॉलच्या कोपऱ्यात चार्जिंगला आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे. लेक परत साध्या खुर्चीत. त्याने एकदाही तक्रार केली नाही, आणि मला त्याचाच त्रास व्हायचा.

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला. इंजिनिअरिंगला आहे, मित्राचा व्हीआर हेडसेट घेऊन आला होता, डोळ्यांवर लावला की आभासी जग दिसतं तो. त्याने आणि लेकाने मिळून आमचं घरच आत बनवायला घेतलं. लेक सांगायचा, भाचा टेप लावून मोजायचा. बाथरूमचं दार ७६ सेंटीमीटर, खुर्ची ६२. दोन्ही बाजूंना सात-सात, म्हणजे जेमतेम चार बोटं. लिफ्ट आतून ११० बाय १४०, आणि खुर्ची पायांसकट ११० लांब. आत वळता येत नाही. सरळ आत, उलटं बाहेर. इतकी वर्षं या घरात राहून हे आकडे मला माहीत नव्हते. एक स्वस्तातली जॉयस्टिक खुर्चीच्या हातावर पट्ट्याने बांधली, खुर्ची बंद, आणि लेक त्याच्या नेहमीच्या गादीवर बसून हेडसेटमधल्या घरात चालवायला लागला.

पहिल्या दिवशी तो हॉलमधून सरळ जाऊन भिंतीला धडकला. मग परत गेला. मग फ्रिजला, कपाटाला, आजीच्या पलंगाला. मुद्दाम. वीस-बावीस वेळा तरी. मी स्वयंपाकघरात होते, तो हसत होता. आजारामुळे तो लहानपणी खूप पडलाय. पण स्वतःच्या मनाने, वेगात, कशावर तरी जाऊन आपटणं हे त्याच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं.

मग रोज संध्याकाळी दहा मिनिटं, असे सहा आठवडे. पहिल्यांदा मळमळलं. पंखा समोर लावला, वळायचा वेग कमी केला, तेव्हा जमलं. चौथ्या आठवड्यात बाथरूमचं दार तो दहातून आठ वेळा न लागता पार करायला लागला. लिफ्टमधून उलटं येणंही जमलं. बाबा म्हणाले, आता खऱ्या खुर्चीवर बघू. सरळ जाणं सुरेख, थांबणं सुरेख, पॅसेजमध्ये तर मला विश्वास बसेना. आणि बाथरूमच्या वळणावर तोच उजवा पाय, तीच चौकट. या वेळी बूट होता म्हणून वाचला. लेक इतका गप्प झाला की दोन दिवस हेडसेटला हात लावला नाही.

तर मला विचारायचंय ते असं. कोणी हे केलंय का? व्हीआरमध्ये जमतं आणि खऱ्यात त्याच जागी चुकतं, हे का? आम्ही दोन ठिकाणी विचारलं. एकीकडे म्हणाले, गेम खेळून कोणी खुर्ची शिकत नाही. दुसरीकडे अगदी उलट: आधी व्हीआरवर पास होऊ दे, मगच खऱ्या खुर्चीला हात लावू द्या. मला दोन्ही उत्तरं पटली नाहीत. पण का पटली नाहीत ते नीट मांडता येत नाहीये.

---

शिवडीकर

ताई, लेकाला शाबासकी सांगा. माझा अनुभव शून्य, पण धागा वाचत राहणार.

---

पिक्सेल_डोंबिवली

मी गेम बनवतो, व्हीलचेअरचं मला काही माहीत नाही. एकच प्रश्न. भाच्याने बनवलेली खुर्ची जागच्या जागी फिरवली तर कुठल्या बिंदूभोवती फिरते? आणि खऱ्या खुर्चीची मोटर लावलेली मोठी चाकं कुठे आहेत, पुढे, मध्ये की मागे?

---

निंबोणी

भाच्याला फोन केला. तो म्हणतो खुर्चीच्या मधोमध बिंदू ठेवलाय. खऱ्या खुर्चीची मोठी चाकं मागे आहेत, पुढे दोन छोटी.

---

पिक्सेल_डोंबिवली

मग लेकाची काहीच चूक नाही. चूक त्या बिंदूची आहे.

मागच्या चाकांवर चालणारी खुर्ची मागच्या आसाच्या मध्यावर फिरते. तुमची खुर्ची ११० लांब. मधोमध बिंदू धरला तर पायाचा अंगठा त्या बिंदूपासून ५५ सेंटीमीटरवर. खऱ्या खुर्चीत आस अगदी मागे असतो, म्हणजे अंगठा ९० च्या आसपास. वळताना पाय जी कमान काढतो ती दीडपटीहून जास्त मोठी झाली. लेक व्हीआरमध्ये शिकला त्याच जागी, त्याच अंदाजाने वळला, आणि पाय बरोबर चौकटीत गेला. तो उत्तम शिकला होता, फक्त दुसऱ्याच खुर्चीवर शिकला होता.

भाच्याला सांगा, बिंदू मागे सरकवायचा, एका संध्याकाळचं काम आहे. तेवढ्यात आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक, जॉयस्टिक सोडल्यावर खरी खुर्ची लगेच थांबते की थोडी सरकून? जेवढी सरकते तेवढंच आत सरकायला हवं. दोन, पुढची छोटी चाकं. पुढे जाताजाता उलटं घेतलं की ती चाकं अर्धं गिरकं घेतात आणि खुर्चीचं नाक क्षणभर एका बाजूला ढकललं जातं. लिफ्टमधून उलटं निघताना हे नक्की जाणवत असणार. घरगुती प्रयोगांत बहुतेक जण ही चाकं नुसती शोभेला ठेवतात.

आणि हेडसेटमध्ये खाली बघितल्यावर त्याला स्वतःचे पाय आणि फूटरेस्ट दिसतात का? नसतील तर टाका.

---

निंबोणी

पाय नाहीत! खाली बघितलं की जमीन दिसते. हे तर मलाही सुचायला हवं होतं. खूप खूप आभार. लेकाला "चूक त्या बिंदूची" हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने परत वाचायला लावलं.

---

चाकांवरचा_प्रवासी

मणक्याच्या दुखापतीनंतर अकरा वर्षं इलेक्ट्रिक खुर्चीवर आहे, मुलुंडला. थोडं परखड लिहितो, राग धागाकर्तीवर नाही.

"आधी व्हीआरवर पास, मग खुर्ची" हे ज्यांनी सांगितलं त्यांना एक विचारावंसं वाटतं. या विषयावरचे अभ्यास वाचलेत का? इंग्लंडमधल्या चेस्टर विद्यापीठाच्या गटाने बाजारात मिळणाऱ्या हेडसेटवर व्हीलचेअरचा सराव बनवला आणि २०१८ मध्ये त्याची चाचणी छापली. सरावाने चालवणं सुधारलं, हे खरं. पण चाचणी ज्या ३३ जणांवर झाली ते सगळे धडधाकट होते. मळमळ ही मोठी अडचण आहे असंही त्यांनीच प्रामाणिकपणे लिहिलंय. हा पुरावा "शिकायला मदत होते" म्हणायला पुरतो. "यात नापास झालास तर खुर्ची नाही" म्हणायला अजिबात पुरत नाही. ज्याची मान हेडसेट पेलत नाही, ज्याला आत चक्कर येते, ज्याला डोळ्यांचं वेगळंच काही आहे, तो त्या परीक्षेत पडेल आणि खऱ्या खुर्चीवर छान चालवेल. मी स्वतः हेडसेटमध्ये पाच मिनिटांत घामाघूम झालो. रोज मुलुंड स्टेशनपर्यंत खुर्ची नेणारा माणूस आहे मी.

दुसरं. मुंबईचा रस्ता आत उतरवता येत नाही. पेव्हर ब्लॉक उतरवाल, खड्डा उतरवाल, फूटपाथच्या तोंडाशी ठोकलेले लोखंडी खांबही उतरवाल. त्या खांबांची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती, कारण दोन खांबांमधून खुर्चीच जात नाही. पण माझ्या रस्त्यावरचं निम्मं कौशल्य तोंडाचं आहे. "दादा, जरा वाट द्या." "मावशी, टोपली एवढीशी सरकवता?" "भाऊ, धरू नका, मी येतो." न विचारता मागून खुर्ची धरणाऱ्या माणसाला कसं थांबवायचं, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. आतली गर्दी बाजूला होते किंवा होत नाही, ती बोलत नाही.

म्हणून मला वाटतं, घर, लिफ्ट, बाथरूम यांच्यासाठी व्हीआर. रस्त्यासाठी रस्ता, आणि सोबत आधीपासून खुर्ची चालवणारं कोणीतरी.

---

हातचं_काम

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठी उपचार करणारी, बावीस वर्षं. आमच्या विषयाचं शिक्षण या देशात मुंबईतूनच सुरू झालं. कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात पहिली शाळा काढली, हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. तरी इलेक्ट्रिक खुर्ची देताना "चालवायला शिकवणं" हा भाग आपल्याकडे कितीदा सुटतो ते निंबोणीताईंच्या दुसऱ्या परिच्छेदात दिसतंच. मोजमाप होतं, पावती होते, आणि माणूस घरी जातो.

ताई, व्हीआर बाजूला ठेवून आधी तीन गोष्टी.

लेकाची बैठक तपासून घ्या. कंबर एका बाजूला कलली की हात जॉयस्टिकवर तिरका पडतो आणि खुर्ची सतत एकीकडे ओढल्यासारखी जाते. मुलाला वाटतं आपल्याला सरळ चालवता येत नाही. ड्युशेनमध्ये पाठीचा बाक वाढत जातो, त्यामुळे आज जमलेली बैठक सहा महिन्यांनी बदलू शकते.

दुसरं, खुर्चीची सेटिंग. नुसता एकूण वेग कमी करणं म्हणजे सेटिंग नव्हे. बहुतेक खुर्च्यांच्या कंट्रोलरमध्ये पुढे जायचा वेग, वळायचा वेग, वेग घेण्याची आणि थांबण्याची गती वेगवेगळी बसवता येते. नवशिक्यासाठी वळणं सावकाश हवीत, पुढचा वेग थोडा बरा हवा. फारच कमी वेगात उंबऱ्यावर छोटी चाकं अडतात आणि मूल घाबरून जॉयस्टिकची काडी पूर्ण दाबतं. हे प्रोग्रॅमर (सेटिंग बदलायचं उपकरण) लावून करायचं काम आहे, विक्रेत्याकडून करून घ्या, आणि सेकंडहँड असली तरी मागे लागा.

तिसरं, मान. साधारण हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास असतो आणि वजन सगळं पुढे. लेकाची मान थकते का, मागचा आधार लावूनच घालतो का, हे बघा. थकत असेल तर हेडसेट सोडून मोठ्या टीव्हीवर तोच सराव करा. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचा व्हीलचेअर सिम्युलेटर साध्या पडद्यावर चालतो. तिथल्या अभ्यासात खऱ्या खुर्चीशी तुलना केली तेव्हा अवघड कामांत सिम्युलेटरवर जॉयस्टिकच्या हालचाली जास्त लागल्या. म्हणजे आत जरा जास्तच कठीण जातं. आत चुकतंय म्हणून बाहेरही चुकेलच असं मानू नका.

आता क्रम. कॅनडातल्याच हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठाने व्हीलचेअर कौशल्यांचा पूर्ण कार्यक्रम बनवलाय, त्याची पुस्तिका इंटरनेटवर मोफत आहे. मी तीच वापरते. त्यात सरळ जाणं, थांबणं, उलटं जाणं, जागेवर वळणं, दार, उंबरा, चढ असं एकेक कौशल्य सुटं करून शिकवलंय. मला सगळ्यात आवडतं ते हे की बॅटरी चार्ज करणं आणि मोटर सोडवणं (म्हणजे खुर्ची हाताने ढकलता यावी म्हणून मोटर मोकळी करणं) हीसुद्धा त्यात कौशल्यं म्हणून आहेत. ताई, मोटर सोडवायचा खटका कुठे आहे ते घरात किती जणांना माहीत आहे? जॉयस्टिक सोडली की या खुर्च्यांना आपोआप ब्रेक लागतो. बॅटरी संपली की तोच ब्रेक लागलेला राहतो. लिफ्टच्या दारात खुर्ची बंद पडली आणि खटका माहीत नसेल तर चार माणसांनाही हलत नाही. हे कुठल्याही व्हीआरमध्ये शिकवलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि एक आग्रह. लेकाच्या बाबांना अर्धा तास त्या खुर्चीत बसवा. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दुपारी, पुठ्ठ्याची खोकी मांडून. लेक सूचना देईल.

---

सोसायटी_सचिव

माझं मत थोडं वेगळं आहे, कृपया समजून घ्या. आमच्या इमारतीत दोन इलेक्ट्रिक खुर्च्या आहेत. माझी आई ८१ वर्षांची, त्याच लिफ्टने जाते. शंभर-दीडशे किलोचं यंत्र नवख्या माणसाच्या हातात असताना आईच्या पायावर गेलं तर? मला कोणाचा हक्क काढून घ्यायचा नाही. पण बाहेर येण्याआधी काहीतरी परीक्षा असावी असं वाटणं चुकीचं आहे का? व्हीआरमध्ये निदान कोणाला लागत तरी नाही.

---

चाकांवरचा_प्रवासी

सचिवसाहेब, आईंची काळजी रास्त आहे. मीही लिफ्टमध्ये आजी असल्या की थांबतो, पुढची घेतो. पण परीक्षा आणि सराव यांत फरक करू. सराव व्हीआरमध्ये हवा तेवढा करू दे. बाहेर यायला लागल्यावर पहिले काही आठवडे सोबत माणूस, कमी वेग, गर्दीची वेळ टाळून, असं ठरवता येतं. परीक्षा म्हटलं की नापास होणारा घरातच राहतो, आणि घरात राहून तो कधीच शिकत नाही. मी पहिले तीन महिने रोज कशाला ना कशाला घासत होतो. त्या महिन्यांत माझी परीक्षा घेतली असती तर आज हा प्रतिसाद मी पलंगावरून लिहीत असतो.

---

सोसायटी_सचिव

सोबत माणूस आणि ठरलेली वेळ, हे आमच्याकडे नक्की करता येईल. लिफ्टच्या आत आरसा लावायचा विचार आहे, उलटं येताना मागचं दिसावं म्हणून. उपयोग होईल का?

---

चाकांवरचा_प्रवासी

खूप. समोरच्या भिंतीवर, गुडघ्यापासून वरपर्यंत. नुसता चेहऱ्याच्या उंचीवर नको, उलटं येताना मला मागचा उंबरा दिसायला हवा.

---

दादरचे_काका

माझ्या पत्नीला दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. डावी बाजू गेली, पण त्याहून कठीण म्हणजे डावीकडचं तिच्या लक्षातच येत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. उजवा हात उत्तम आहे, जॉयस्टिक छान धरते, पण डावीकडची प्रत्येक चौकट घासते. व्हीआरने हे सुधारेल का? वय ७१.

---

हातचं_काम

काका, हे वेगळं प्रकरण आहे, त्यामुळे सावधपणे लिहिते. डावीकडे लक्ष वळवायचा सराव व्हीआरमध्ये चांगला करून घेता येतो, कारण डावीकडे काय ठेवायचं, कधी ठेवायचं, किती ठळक ठेवायचं हे आपल्या हातात असतं. दाराच्या डाव्या चौकटीवर लाल पट्टी लावायची, "आधी लाल दिसू दे, मग पुढे" अशी सवय लावायची, आणि हळूहळू पट्टी फिकी करत न्यायची. तीच पट्टी घरातल्या खऱ्या चौकटीवरही चिकटवा, आजच.

पण हेडसेटमध्ये दिसण्याची कक्षा आधीच अरुंद असते, साधारण ९० ते १०० अंश. उघड्या डोळ्यांना बाजूचं जे दिसतं ते आत कापलं जातं. ज्यांचं आधीच एका बाजूला दुर्लक्ष आहे त्यांना यामुळे आणखी गोंधळ होऊ शकतो. काकूंसाठी मी पडद्यापासून सुरुवात करेन. खऱ्या खुर्चीवर मात्र सध्या कायम कोणीतरी डाव्या बाजूने चालत राहा. आणि काका, तुम्ही एकट्याने उचलाउचल करू नका.

---

दादरचे_काका

लाल पट्टी लावली. पहिल्याच फेरीला ती थांबली आणि म्हणाली, "हे काय लावलंय?" तिला दिसलं! धन्यवाद, बाई.

---

ठाण्याची_आई

माझी मुलगी पाच वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं). तिला व्हीआरवर सुरुवात करून द्यावी का? डॉक्टर म्हणतात इलेक्ट्रिक खुर्चीसाठी लहान आहे.

---

हातचं_काम

हेडसेट नको. एक प्रमुख कंपनी स्वतःच किमान वय १० सांगते. आणि या वयात शिकायचं असतं ते "मी हात हलवला, मी सरकले" हे नातं. ते अंगालाच कळायला हवं, नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

लहान आहे म्हणून खुर्ची नको, हे मात्र मला पटत नाही. स्वीडनच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट लिस्बेथ निल्सन यांनी खूप तीव्र बौद्धिक अडचणी असलेल्या मुलांनाही जॉयस्टिकच्या खुर्चीत बसवून वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचा रोख चालवणं शिकवण्यापेक्षा चालवता चालवता शिकू देण्यावर होता. मोकळी खोली, कमी वेग, शेजारी मोठं माणूस, आणि धडकलं तर "अरे अरे" न करणं. डॉक्टरांना परत भेटा, सोबत थेरपिस्टला न्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

पिक्सेल_डोंबिवली

निंबोणीताई, काही कळवलं नाहीत. बिंदू सरकवला का?

---

निंबोणी

उशीर झाला, माफ करा. लेकाला सर्दी झाली होती, आमच्याकडे सर्दी म्हणजे पंधरा दिवस सगळं बंद.

बिंदू मागे नेला. पाय दिसायला लागले, लेकाने भाच्याला त्याच्याच बुटांचा रंग द्यायला लावला. छोट्या चाकांचं गिरकं अजून नीट झालेलं नाही. जॉयस्टिक सोडल्यावर सरकणं खऱ्या खुर्चीवर मोजलं, हॉलमध्ये खडूने रेघ मारून. नवीन बिंदूवर पहिले तीन दिवस लेक परत प्रत्येक वळणावर लागत होता, जुनी सवय मोडायला वेळ गेला. चौथ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "आई, दार ओलांडून थोडं पुढे जायचं आणि मग वळायचं. गुडघे दारापाशी आले की नाही, कंबर आली की." हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सेटिंगसाठी विक्रेत्याच्या चार फेऱ्या झाल्या, पण वळायचा वेग कमी झाला. काडी आता त्याला हलकी वाटते.

बाबा खुर्चीत बसले. पार्किंगमध्ये, रविवारी दुपारी, किराणावाल्याकडून आणलेली सात खोकी मांडून. लेक साध्या खुर्चीतून सूचना देत होता. बाबांनी पहिल्या वळणाला दोन खोकी चिरडली, उलटं घेताना वॉचमनच्या स्टुलाला लागले. वीस मिनिटांनी उतरले तेव्हा शर्ट ओला होता. काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मोटरचा खटका शोधला, त्यावर पिवळा टेप लावला, आजीला आणि मला दाबून दाखवायला लावला. आजीला जोर पुरत नाही, म्हणून वॉचमनलाही शिकवून आले.

काल लेक खऱ्या खुर्चीवर बाथरूममध्ये गेला आणि बाहेर आला. मी दारात नव्हते. मुद्दाम नव्हते. लेक म्हणतोय, त्याला दोन ओळी लिहायच्यात, माझ्याच आयडीवरून.

---

निंबोणी

नमस्कार. मी तो मुलगा. आईने लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त मी वीस नाही, एकतीस वेळा धडकलो होतो. मोजत होतो.

पिक्सेलदादा, छोटी चाकं मी आणि दादा करतोय, फिरताना नाक किती सेंटीमीटर ढकललं जातं ते खडूने मोजलंय. दर वेळी सारखं येत नाही, चाक कुठल्या बाजूला उभं होतं त्यावर आहे. ते कसं लिहायचं सांगाल का?

प्रवासीकाका, लोकांशी बोलायचं ते आत शिकता येत नाही हे मला पटलं. आई घरी असताना मी फार बोलत नाही. पण खालच्या दुकानापर्यंत जायचंय. तुम्ही परळला याल का एकदा? दुकानाला एक पायरी आहे, दुकानदारकाका म्हणाले फळी टाकतो. पायरी १४ सेंटीमीटर उंच आहे. पुस्तिकेत चढासाठी एकास बारा लिहिलंय, म्हणजे फळी १६८ सेंटीमीटर लांब हवी, पण तेवढी टाकली तर ती फूटपाथ ओलांडून रस्त्यावर येते. त्याचं काय करायचं?

आणि कोणाकडे दादर मेट्रोच्या लिफ्टची आतली मापं आहेत का? लांबी, रुंदी आणि दार. पुढचं घर तेच बनवायचंय.